साकोलीकडचा मामा तलाव, रडारवाला सॅटेलाइट अन् एक बांबू

नागपूरहून साकोलीला एसटी मिळते, रायपूर हायवेवरच आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. आतल्या गावांत मात्र स्वतःची गाडी न्या, पावसाळ्यात रस्ता कुठं संपला अन् बांधी (धानाचं शेत) कुठं सुरू झाली ते कळत नाही.

सोबतचा मित्र हिमाचलात सेंटिनेल-१ या रडारवाल्या सॅटेलाइटच्या डेटावरून बर्फाची जाडी काढतो. त्याला म्हटलं आमच्याकडे बर्फ नाही पण मामा तलाव आहेत (मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या जमीनदारांच्या काळातले), तोच सॅटेलाइट आमच्याही डोक्यावरून जातो, तर काढ की याची खोली. गडी हसायलाच लागला. म्हणे सॅटेलाइटची रडार लहर साडेपाच सेंटीमीटरची, कोरड्या बर्फात आत शिरते, कणाकणावर आपटते, उभ्या कंपनाची पाठवलेली थोडी आडव्या कंपनाची होऊन परत येते, थर जाड तसं हे आडवं होणं वाढतं, त्यावरून जाडीचा अंदाज. तोही बर्फ चांगलं दीड-दोन मीटर साचलं असेल तर, अन् वितळायला लागलं की खेळ खलास, ओलं बर्फ लहर गिळून टाकतं. अन् तलावावर तर ती वरच्यावर घसरून भलतीकडेच जाते, इमेजमध्ये नुसता काळा डाग. पसारा कळतो, खोली नाही.

पाळीवर (तलावाच्या बांधावर) उभं राहून फोनमधली इमेज अन् समोरचा तलाव ताडून पाहिला तर इमेजमधला लहान, काठ पांढराफटक. काठाला बेशरमची झुडपं पाण्यात उभी होती, लहर पाण्यावरून खोडावर अन् तिथून सरळ माघारी, म्हणून तो उजेड. डोंग्यातले ढिवर (मासेमार) काका म्हणाले, "मंग तिले बेशरम दिसते अन् पाणी नाई दिसत का जी?" अन् बांबू टाकून मधोमध छातीएवढं पाणी दाखवलं, विषय संपला.

जाणार असाल तर सॅटेलाइटच्या फेरीची तारीख आधी बघा, सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास जातो, डेटा फुकट आहे कोपर्निकसच्या (युरोपच्या सॅटेलाइट योजनेच्या) साइटवर. रोवणीच्या टायमाला नका जाऊ, बांध्याही पाण्यानं भरलेल्या असतात, तलाव अन् शेत एकच काळं दिसतं, धान कापणीनंतरचं बरं. ढगांची चिंता नाही, रडारला ते आडवे येत नाहीत, वारा मात्र बघा, लाटा उठल्या की पाणीही जमिनीसारखं उजळ दिसतं. गमबूट घाला, पाळीच्या गवतात साप असतात.