ट्रू कॉपी

परवा दुपारी सोसायटीच्या कसल्यातरी कामासाठी आधारची झेरॉक्स काढायला दादर स्टेशनबाहेरच्या दुकानात गेले, तर पुढे एक मुलगी उभी होती. हातात बटणाची प्लास्टिकची फाईल, आणि काउंटरवर तिने सहाही सेमच्या मार्कशीट, एलसी, डोमिसाईल, नॉन क्रीमीलेअर असं सगळं पत्त्यांचा डाव लावल्यासारखं मांडलेलं. "सगळ्याच्या दोन-दोन काढा काका, आणि ही नीट ठेवा हां, मघाशी वाकडी आली." काकांनी तिच्याकडे न बघताच मान हलवली. कुठे भरतेयस गं फॉर्म, असं विचारायचं अगदी ओठावर आलेलं, पण नाही विचारलं. हल्ली असं विचारलेलं पोरांना आवडत नाही. तेव्हाही आवडत नसणार म्हणा, पण तेव्हा आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न नव्हता.

घरी येईपर्यंत डोक्यात अण्णा.

अण्णा म्हणजे लालबागला चाळीत आमच्या समोरच्या खोलीत राहायचे ते. मंत्रालयात गॅझेटेड ऑफिसर. आता सेल्फ अटेस्टेड चालतं, आपलीच सही ठोकायची की झालं, पण तेव्हा आपले मार्क खरे आहेत हे दुसऱ्या कोणीतरी हिरव्या शाईने सांगावं लागायचं. त्यामुळे रविवारी सकाळी अण्णांची पूजा आटपली की गॅलरीत नुकत्याच ग्रॅज्युएट झालेल्या पोरांची लाईन. शर्ट इस्त्रीचा, पायात मात्र स्लीपर, हातात ब्राऊन पाकीट. झेरॉक्स तेव्हा अशी गल्लोगल्ली नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी मार्कशीट टाईप करूनच आणलेली असायची, वर 'ट्रू कॉपी' लिहिलेलं. मी दुसरी-तिसरीत असेन. माझ्याकडे शिक्क्याचं खातं होतं. पॅड कायम सुकलेलं, अण्णा नवं आणायचे नाहीत, त्यामुळे शिक्का तोंडाजवळ धरून "हाऽऽ" करायचं आणि त्या वाफेवरच दाबायचा. जोरात दाबला तर गोल फाटतो, हळू दाबला तर अर्धाच उठतो. मला तो बरोब्बर जमायचा, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे, मी इतर काही एवढं चांगलं केलेलं मला तरी आठवत नाही.

अण्णा सही डोळे झाकून द्यायचे नाहीत. एक बोट ओरिजिनलवर, एक टाईप केलेल्यावर, आणि एकेक आकडा वाचायचे, मोठ्याने. म्हणजे अख्ख्या गॅलरीला कळायचं कोणाला अकाउंट्सला किती. एकदा एका पोराच्या कॉपीत 51 चे 57 झालेले. अण्णांनी चष्मा वर केला. "टायपिस्टने सहा मार्क दिले का रे? देव माणूस दिसतोय." पोरगं खाली मान घालून परत टाईप करून आणायला गेलं, ते पुढच्याच रविवारी आलं. सगळ्यांना शेवटी एकच प्रश्न. पुढे काय? आणि पोरांची उत्तरंही ठरलेली, बँकेची परीक्षा देतोय, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घातलंय, टायपिंग लावलंय, इंग्लिश चाळीस झालं मराठी तीसचं बाकी आहे.

हे सगळं 1982 चं बरं का. त्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास माणसं घरी बसली आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. मला एवढंच कळायचं की सकाळचा भोंगा वाजत नाही आणि बाबा लोक दिवसाही चाळीत दिसतात. पण मोठं झाल्यावर लक्षात आलं, त्या लाईनीतल्या अर्ध्याअधिक पोरांचे बाप गिरणीत होते. त्याआधी काय व्हायचं, पोरगं कुठे लागलं नाही तर बाप ओळखीने त्याला गिरणीच्या खात्यात बदली कामगार म्हणून तरी चिकटवायचा. म्हणजे बी.कॉम. होऊनही पाठीशी एक दार उघडं असायचं, नको असलेलं का असेना. ते दार बंद झालं आणि पोरं अण्णांच्या दारात येऊन उभी राहिली. नोकरी हिरव्या शाईत नव्हती हे त्यांनाही माहीत असणार. तरी यायची. दर रविवारी नवीन फॉर्म, नवीन कॉपी.

मी स्वतः ग्रॅज्युएट झाले 1995 ला. माझ्या डिग्रीवर बॉम्बे युनिव्हर्सिटी, माझ्या धाकट्या बहिणीच्या डिग्रीवर मुंबई, मधे 1996 ला नाव बदललं, आणि ती अजून मला जुन्या मॉडेलची म्हणते. फोर्टात इंटरव्ह्यू दिला की मी ओव्हलवर जाऊन बसायचे, समोर राजाबाई टॉवर. आमच्या सरांनी त्याची गोष्ट सांगितली होती ती तिथे बसून फार बरी वाटायची. प्रेमचंद रायचंदने युनिव्हर्सिटीला पैसे दिले ते कापसाच्या तेजीत, 1864 ला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतली लढाई संपली, तिथला कापूस परत यायला लागला, इथला भाव गडगडला, शेअर्स रद्दी झाले आणि हा माणूस पार बुडाला. टॉवरचं काम सुरू झालं 1869 ला आणि पुरं झालं 1878 ला, आईचं नाव लागलं त्याला. म्हणजे युनिव्हर्सिटीचं तोंडच मुळी बुडालेल्या सटोडियाच्या पैशातून उभं आहे, मग आपण बी.कॉम. सेकंड क्लास कशाला एवढं घाबरायचं. असं म्हणत मी दोन रुपयाचे शेंगदाणे खायचे आणि चर्चगेटला स्लो पकडायचे.

पण एक आहे, आमचं दिसायचं. फाईल घेऊन घरातून निघालं की गॅलरीतल्या सगळ्यांना कळायचं पोरगी खटपट करतेय. संध्याकाळी तोंड उतरवून आलं की चहा मिळायचा. आमच्या घरात सध्या जी ग्रॅज्युएट आहे ती गादीवर आडवी पडून फोनवर अंगठा फिरवत असते, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, सीव्ही ड्राईव्हवर, आणि नकार येतो तोही तिथेच गादीवर, बऱ्याचदा येतच नाही, नुसतं काहीच येत नाही. रील बघताना आणि नोकरी शोधताना मुलगी अगदी सेम दिसते. मग बापाला वाटतं लोळतेय. ऑफिसातून आल्या आल्या बूट काढायच्या आधी, "काय, पुढे काय?" अगदी अण्णा.

गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबा, हा एक तुम्हीच भरा ना." बँकेच्या नोकरीचा फॉर्म होता. हा बसला चष्मा लावून. फोटो 20 ते 50 केबीमध्ये पाहिजे, ह्याचा कधी दोनशेचा, कमी केला तर अकरा. सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने, ती अजून लहान, दहा ते वीस. मग कॅप्चा. मग ओटीपी गेला तिच्या फोनवर आणि ती आंघोळीला. ओटीपी मिळेपर्यंत सेशन एक्सपायर. पुन्हा पहिल्यापासून नाव, बापाचं नाव, आईचं नाव. ती बाहेर येऊन केस पुसत शेजारी बसली आणि काही न बोलता तिने दोन मिनिटात फोटो बरोबर 48 केबीचा करून दिला.

अण्णांचा मुलगा पण होता त्या लाईनीतल्या वयाचा. अण्णांनी त्याच्या कागदांवर कधी सही केली नाही, स्वतःच्या पोराला देणं बरोबर नाही म्हणून पलीकडच्या बिल्डिंगमधल्या हेडमास्तरांकडे पाठवायचे. तो पाच-सहा वर्षं तरी तसाच फिरत होता, आणि अख्ख्या चाळीच्या पोरांना "पुढे काय" विचारणाऱ्या त्या माणसाला त्याला विचारताना मी एकदाही ऐकलं नाही. खोल्या समोरासमोर होत्या, दारं दिवसभर उघडी असायची. ऐकू आलं असतं.