रावपुऱ्याचा टॉवर आणि लक्ष्मी विलास

वडोदऱ्यात आमच्याकडे पाहुणे आले की त्यांना लक्ष्मी विलास राजवाडा दाखवायला नेण्याचे काम बहुधा माझ्याच वाट्याला येते, आणि दरबार हॉलच्या दारात उभे राहून खालची व्हेनेशियन मोझॅकची फरशी पाहिली की त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: याला त्या काळी खर्च किती आला असेल? मला तो प्रश्न फारसा रुचत नाही. १८७८ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १८९० मध्ये संपले, त्या बारा वर्षांत इथल्या गायकवाड राजघराण्यात जे घडले ते मला अधिक खिळवून ठेवते.

मुळात ज्या राजासाठी हा वाडा उभा राहत होता, तो तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि राज्यकारभाराचे अधिकार त्याच्या हाती आलेले नव्हते. १८७५ मध्ये तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर इंग्रज सरकारचे दरबारातले प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांना सरबतातून विष घातल्याचा आरोप झाला. चौकशी आयोगातल्या तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी मानले, तिघा भारतीयांनी मानले नाही, आणि शेवटी गैरकारभाराचे कारण पुढे करून त्यांना पदच्युत करण्यात आले. मल्हाररावांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी मग नाशिककडच्या कवळाणे गावातून भाऊबंदांची मुले बोलावली. त्यांतल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाने ‘कशासाठी आलास?’ या प्रश्नाला ‘राज्य करायला’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका आमच्या गावात प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. अक्षरओळखही नसलेला हा मुलगा पुढे सयाजीराव झाला. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते, म्हणजे एवढे मोठे बांधकाम हाती घेतले गेले ते धन्याला पूर्ण अधिकार मिळण्याच्या तीन वर्षे आधी.

आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच, हे तिकडच्या पाहुण्यांना सांगितले की ते एकदम आपलेपणाने इमारतीकडे पाहू लागतात. मँट यांनी वाड्याचे तीन भाग कल्पिले होते: दरबारी दालने, महाराजांचा निवास आणि राण्यांचा जनाना, युरोपीय रीतीचे घर आणि मराठी राजाचा दरबार एका छपराखाली नांदवण्याची ही खटपट होती. आपली गणिते चुकली आहेत आणि इमारत कोसळणार, या धास्तीने त्यांनी जीव दिला असे म्हणतात. ते १८८१ मध्ये गेले हे मात्र खरे, आणि इमारत अजून उभी आहे. उरलेले काम मद्रासहून आलेल्या रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले. आमच्या कॉलेजचा प्रचंड घुमटही त्यांचाच.

पण माझे मन अडकते ते लक्ष्मीबाईंपाशी. तंजावरकडच्या मोहित्यांची ही मुलगी १८८० मध्ये सयाजीरावांशी लग्न होऊन इथे आली आणि सासरी चिमणाबाई झाली. तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरूही आले, आणि त्या काळात आम्हा पश्चिमेकडच्यांना ठाऊकही नसलेले नृत्य वडोदऱ्याच्या दरबारात होऊ लागले. राजवाड्याचे नाव तिच्या माहेरच्या नावावरून पडले असे इथले पुष्कळ लोक मानतात. ती १८८५ मध्ये वारली, जेमतेम एकविशीत. वाडा पुरा व्हायला अजून पाच वर्षे होती. ज्या जनान्याच्या भिंती तिच्या डोळ्यांदेखत वर चढत गेल्या असतील, त्या पुऱ्या झालेल्या पाहणे तिच्या नशिबात नव्हते. दरबार हॉलच्या बेल्जियन रंगीत काचांतून दुपारी तांबडा-निळा उजेड त्या मोझॅकवर तिरका पसरतो, तेव्हा मला हटकून तिची आठवण होते. पुढे त्या वाड्यात महाराणी म्हणून राहिल्या त्या दुसऱ्या पत्नी. आणि त्यांनाही नाव दिले गेले ते चिमणाबाईच, त्यामुळे पुष्कळांच्या डोक्यात या दोघींची सरमिसळ होते.

पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये रावपुऱ्यात घड्याळाचा मनोरा उभा राहिला. आमची आजी दांडिया बाजारातून रावपुऱ्यात जाताना त्याला नुसते ‘टॉवर’ म्हणायची, रिक्षावालेही तेच म्हणतात, आणि तो कोणाचा आहे हे विचारायचे मला कॉलेज संपेपर्यंत कधी सुचले नव्हते. आता राजवाडा पाहून झाला की मी पाहुण्यांना मुद्दाम रावपुऱ्यावरून आणते. गर्दीत रिक्षा हळू होते, कोणीतरी मान वर करून घड्याळाकडे पाहते आणि आपल्या मनगटावरच्या वेळेशी ताडून बघते.