कव्हर लेटरमधला मामा

आईचा एकच धोशा होता, "मामाचं नाव टाक गं, तो तिथेच आहे ना!" मीही नोकरीच्या अर्जासोबतच्या कव्हर लेटरमध्ये टाकलं, तेही पहिल्याच ओळीत: 'आपल्या कंपनीच्या क्रेडिट विभागात माझे मामा कार्यरत आहेत.' मुंबईतली एनबीएफसी (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी), जागा कर्ज मागणाऱ्याची ऐपत तपासणाऱ्या क्रेडिट अ‍ॅनालिस्टची. टेस्ट आणि फोनवरची मुलाखत झाली. मग पोर्टलवर 'अंडर रिव्ह्यू' आलं, ते हलेचना.

पाचव्या दिवशी एचआरचा मेल आला, नातं जाहीर करायचा फॉर्म भरा. नातेवाईक कोण? तर कंपनी कायदा २०१३ प्रमाणे. मी कायदा उघडून बसले. नवरा-बायको, आईवडील, भाऊ-बहीण, सून, जावई सगळे आहेत, मामा नाही! खुशीत 'नाही'वर टिक केली.

दोन दिवसांनी फोन. "मॅडम, लेटरमध्ये मामा आहे, फॉर्ममध्ये नातेवाईक नाही. नक्की काय समजायचं?" मी नातेवाईकाची व्याख्या असलेलं कलम २(७७) सांगायला लागले. पलीकडे शांतता. मग, "कम्प्लायन्सला पाठवते." म्हणजे नियम तपासणाऱ्या विभागाला. तिथे अकरा दिवस! रोज चहाच्या आधी लॉगिन करायचं आणि तेच पिवळं 'अंडर रिव्ह्यू' बघायचं.

त्यात मामाला मी विचारलंच नव्हतं. त्याच्या साहेबांनी विचारलं, "भाची येतेय म्हणे?" हा म्हणाला, "कुठे?" रात्री मला फोनवर झापलं. आधी सांगितलं असतं तर त्यानं आतून रेफरल (शिफारस) टाकलं असतं. मी स्वतः अर्ज केल्यावर तिथली सिस्टिम ते घेईना.

खरी अडचण साधी होती. कर्जाची फाइल बनवणारा मेकर, तपासणारा चेकर. मी मेकर, मामा चेकर, हे चालणारच नव्हतं. म्हणून मला दुसरी शाखा दिली. बरोबरच आहे, पण एवढं कळायला अकरा दिवस?

आणि हो, लेटरच्या शेवटी पतसंस्थेतल्या माझ्या मॅनेजर सरांचं नाव होतं. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं वसुलीचं काम केलंय, आणि त्यांना विचारून नाव टाकलं होतं. शेवटच्या मुलाखतीत सगळे प्रश्न त्यावरच. "एनपीए झालेल्या, म्हणजे हप्ते थकलेल्या खात्यात एक हप्ता आला तर खातं स्टँडर्ड, म्हणजे नियमित होतं?" नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. ज्यानं आपलं काम बघितलंय, असं नाव लेटरमध्ये वर घ्या. ज्यानं आपलं काम बघितलेलं नाही, त्याचं लेटरमध्ये नकोच; फॉर्ममध्ये मात्र कायद्याचा कीस न पाडता लिहून मोकळे व्हा.

आई अजून सगळ्यांना सांगते, "मामानं लावून दिलं." मामा काही बोलत नाही.