तुम्ही विचारलंत म्हणून: माळढोक पक्ष्याचा फोटो कुठे आहे?

पुण्यात वेताळ टेकडीवर सकाळी दुर्बीण घेऊन भेटणारं प्रत्येक जण हेच विचारतं. दर हिवाळ्यात जैसलमेरला जातेस, आकलच्या जीवाश्म उद्यानातली दगड झालेली अठरा कोटी वर्षांपूर्वीची खोडं दाखवतेस, चिंकारे दाखवतेस, मग माळढोकच कसा नाही? दिसत नाही की लपवतेस?

दिसतो.

पूर्वी पावसाळ्यातही, त्याच्या विणीच्या दिवसांत, जायची. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून तीनदा हात हलवत परतले होते, नव्या लेन्सचे हप्ते चालू होते. जैसलमेरकडचं डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं. त्या पसाऱ्यात तिसऱ्या दिवशी सेवण गवतात मादी दिसली. बसलेली. वाटाड्या म्हणाला, "मॅडम, गाडीतूनच घ्या." मी उतरले. वाकून, थांबत थांबत पुढे गेले. तिने मान वर केली. मी चार फोटो घेतले, आणखी दहा पावलं टाकली. ती उठली, थोडी चालली आणि जड पंखांनी उडाली. ती बसली होती तिथे उघड्या जमिनीवर मातकट हिरवं एक अंडं होतं. घरटं नाही, आडोसा नाही. माळढोक एका विणीत बहुधा एकच अंडं घालतो.

आम्ही मागे फिरलो, गाडी पार लांब नेली. खेजडीच्या झाडावर दोन डोमकावळे येऊन बसले. वाटाड्या माझ्याशी बोलला नाही. अंधार पडेपर्यंत ती परतली नव्हती. पुढचं मला माहीत नाही.

माळढोक मरतात ते विजेच्या तारांनी. त्यांना समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, ऐन वेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली न्यायला सांगितलं, ते काही उगाच नव्हे. माझ्या चार फोटोंनी काय होणार, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. पण सगळे मिळून दीडशेही उरले नसतील, तिथे एक अंडं म्हणजे काय, हे मला उतरण्याआधीही ठाऊक होतं.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, फोटो पाहिल्याशिवाय लोकांना या पक्ष्याची माया कशी लागेल? तुला तरी फोटो बघूनच लागली ना? खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त विणीच्या दिवसांत जाणं सोडलं.

त्या चारांतला एक ठेवलाय. वर केलेली मान, डोळा लख्ख, फोकस अचूक. पुसायला घेते आणि राहू देते.