सुंभ, म्यूल आणि बाबांचा कोट

परवा पत्र्याच्या ट्रंकेतून बाबांचा ट्वीडचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, कोट काढला. कोपरांची कसरीने चाळण केलेली. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत हा कोट त्यांनी एकदाच घातला, मावशीच्या लग्नात, तोही घाम पुसत.

बाबा मुंबईत एका लोकरी गिरणीत म्यूलवर, म्हणजे सूत काढायच्या यंत्रावर, होते. वाडीतले बाकीचे चाकरमानी सुती गिरण्यांत. १९८२च्या संपात ते देशोधडीला लागले, बाबांचा पगार चालू राहिला. गणपतीला गावी आले की बाबा मान खाली घालूनच फिरायचे. पुढे त्यांचीही गिरणी बंद पडली, पण त्याची बातमी कुठे आली नाही.

म्यूल म्हणजे काय, हे मला शेजारच्या अंगणात कळलं. काकी सुंभ वळत होत्या. एकीने राट फिरवायचा, दुसरीने काथ्या सोडत मागे मागे चालत जायचं. मी हौसेने हात घातला आणि सुंभ तुटला.

"ओढतंस कित्याक? आधी पीळ बसांदे!" बाबा ओट्यावरून ओरडले, मग खालीच उतरले. म्यूलचा गाडा असाच शेकडो चात्या घेऊन पाच-सहा फूट मागे येतो. येता येता सूत ओढतो आणि पीळही देतो. बारीक जागी पीळ आधी बसतो, ती घट्ट होते. जाड जागा सैल राहते, म्हणून तीच ताणली जाते. सूत आपोआप सारखं होतं. परतताना ते चातीवर गुंडाळायचं. हे यंत्र १७७९ सालचं, क्रॉम्प्टनचं. आधीच्या दोन यंत्रांचा संकर, म्हणून नाव म्यूल, म्हणजे खेचर. (बाबा हे सांगताना दरवेळी हसायचे.)

ट्वीडची लोकर आधी रंगवतात, मग रंग मिसळून पिंजतात. कोट उन्हात धरला तर करड्यात निळा, विटकरी, शेवाळी असे तंतू दिसतात. लांबून नुसता मातकट.

ट्वीडची मागणी त्याच्या माहेरी, स्कॉटलंडमध्येही आटली. घरं उबदार झाली, मोटारी बंदिस्त झाल्या, टेरिलीन आणि लोकर मिसळलेलं हलकं टेरिवूल आलं. एवढं जड कापड अंगावर कोण वागवणार? स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरच्या हॅरिस ट्वीडचं १९६६ साली ७६ लाख वार कापड निघालं, मग उतरण लागली. तरी ते टिकलं, आणि १९९३च्या कायद्याने त्याला कवच मिळालं: सूत तिथल्याच बेटांवर काढलेलं हवं आणि कापड विणकराने आपल्या घरी विणलेलं. बाबांच्या म्यूलला असलं कवच कुठलं! भंगारवाल्याने वजनावर नेली.

काकींच्या सुनेने आता विजेच्या मोटारीचा राट घेतलाय. बसल्या जागी सुंभ निघतो. अंगणात मागे मागे चालून पडलेली वाट गवताने भरली. कोट कापराच्या वड्या घालून परत ठेवलाय. आई म्हणते, देऊन टाक. पण वेंगुर्ल्यात घेणार कोण?