"माझे डोळेच गेले आता"

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग बघायचं यंत्र, डोक्यावरून काढत आई म्हणाली, "सगळं धुरकट दिसतंय रे, माझे डोळेच गेले आता." आणि गुपचूप बाजूला ठेवून दिला.

मी आधी लेन्स पुसल्या, कोरड्या मायक्रोफायबरने, मग मागचा पट्टा खाली ओढून बघितला, रीस्टार्ट पण केला, काही फरक नाही. मग लक्षात आलं, दोन लेन्समधलं अंतर माझ्या डोळ्यांच्या मापाचं होतं, 68 मिलिमीटर! मोठ्या माणसांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 च्या आसपास असतं, आईचं त्याहून कमी. 60 वर आणलं आणि परत घालायला लावला तर ती एकदम गप्प. मग हात पुढे करून समोरचं झाडाचं पान धरायला गेली, जे तिथे नव्हतंच.

"अगंबाई, शिरा पण दिसतायत!"

मला ते पहिलं वाक्य अजून टोचतंय. सेटिंग माझं, पण दोष तिने लगेच स्वतःच्या डोळ्यांवर घेतला, आणि मीही आधी "नीट बघ ना" असंच म्हणालो होतो.

तुमच्या घरी कोणी "मला नाही जमत हे" म्हणून हेडसेट ठेवून दिलाय का? त्यांच्यासाठी लेन्सचं अंतर बदलून बघितलंत?