कणगीत हात कुठवर जातो

"पाड्यावरच्या पोरांना कसलं आलंय टेन्शन? मोकळी हवा, डोंगर, नदी. टेन्शन असतं ते आमच्या मुलांना." मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका आदिवासी पाड्यावर शिकवते. पुण्याला लग्नकार्यात गेले की हा प्रश्न ठरलेला. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझ्या चौथीच्या वर्गात एक वारली मुलगा आहे. घरात धान्य किती उरलंय हे तो कणगीत, म्हणजे धान्य साठवायच्या कोठीत, हात घालून बघतो. भात झोडून झालं की नुसती बोटं बुडतात. होळीला हात कोपरापर्यंत जातो. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत खांदा काठाला टेकतो, तरी दाणा लागत नाही. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. पाढ्यांच्या आधीपासून ते माप त्याच्या डोक्यात आहे.

आणि आता पावसाचा भरवसा उरलेला नाही. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, नेहमीपेक्षा १६ दिवस आधी. शहरात उकाड्यातून सुटल्याचा आनंद होता. इकडे राब भिजले. शेण, पालापाचोळा, फांद्या जमिनीवर रचून भाजायच्या आणि त्या भाजलेल्या जागेत रोपं करायची, हा राब. भिजला की तो पेटत नाही, आणि मग रोपांपेक्षा तण जोरात येतं. त्याआधी २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. उतारावरची नागली (नाचणी) तेव्हा माना टाकून उभी होती. आणि कापून शेतात पसरलेल्या भातावर ऑक्टोबरात पाऊस आला, तर दाण्याला तिथेच मोड फुटतात.

रेशनचा तांदूळ मिळतो. तो फार मोठा आधार आहे आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. पण १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १० सुद्धा नाही. नागली गेली की ताटातून काय जातं, ते यावरून कळेल.

कणगी रिकामी झाली की बाप वीटभट्टीच्या शेठकडून खावटी, म्हणजे खाण्यापुरती आगाऊ रक्कम, उचलतो. खावटी घेतली म्हणजे दिवाळीनंतर अख्खं घर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जाणार, हे पोराला ठाऊक असतं. "बाई, परीक्षा भट्टीआधी घेशील का?" त्याने मला ऑगस्टमध्येच विचारलं होतं.

त्या दिवसांत त्याच्या पोटात दुखायचं. ताप नाही, जुलाब नाहीत, दवाखान्यात काही सापडलं नाही. दोन वर्षं मी ओवा देत राहिले. मग लक्षात आलं की पावसाने ओढ दिली, किंवा घरात शेठचं नाव निघालं, की दुसऱ्या दिवशी पोट दुखतं. चिंता वाटते, असं हा मुलगा कधी म्हणत नाही. पोट दुखतं म्हणतो, आणि ते खरोखर दुखत असतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी वर्गाच्या भिंतीवर लिहिला आहे. पण नऊ वर्षांचं पोर फोन लावून काय सांगणार, भात भिजलं म्हणून?

तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १० पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातली नववी पायरी खेळ, माया आणि भावनिक आधाराची आहे. औषधपाण्याच्या यादीत ती मुद्दाम घातलेली आहे, कारण खचलेलं मूल नुसत्या अन्नाने उभं राहत नाही. आपण मात्र वजनाचे आकडे भरतो आणि वही मिटतो. म्हणून मी आता सकाळी हजेरीच्या आधी पावसाचं विचारते. राब भाजला का, नागली कशी आहे, कोणाकडे शेठ येऊन गेला. पहिल्या आठवड्यात कुणी बोललं नाही. आता एकमेकांना गप्प करावं लागतं. पोटदुखी थांबलेली नाही, कमी झाली आहे.

मध्यंतरी अंगणवाडीच्या ताई त्याच्या धाकट्या बहिणीच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावत होत्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेली की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. तिची पिवळ्यावर थांबली. तो वाकून बघत होता. मग त्याने स्वतःची बाही वर सारली आणि विचारलं, "माझा किती?"

ती पट्टी पाच वर्षांखालच्या मुलांची. ताईंनी तरी लावली.